जग्गाचा खटला कोणी चालवायचा?

रसिक : ताई, १९५० ते १९५७ या काळात हिंदी पडद्यावर एक मुलगा पुन्हा पुन्हा येत राहिला. कधी तो पाकीट मारतो, कधी जुगाराला लागतो, कधी त्याला भीक मागायला लावलेलं असतं, कधी तो अनाथालयातून पळालेला असतो. ‘संग्राम’ १९५०चा, ‘आवारा’ १९५१चा, ‘दो बिघा जमीन’ १९५३चा, ‘मुन्ना’ आणि ‘बूट पॉलिश’ १९५४चे. ‘आवारा’ची गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात, पण त्यातला खटला कोणाला आठवत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘मुन्ना’त एकही गाणं ठेवलं नव्हतं, तो चित्रपट तर नावानेही विसरला गेला. ‘संग्राम’ची गतही तीच. माझं म्हणणं एवढंच, की गुन्ह्याकडे वळलेल्या मुलाचा इतका गंभीर विचार आपल्या लोकप्रिय सिनेमाने त्याआधी फारसा केला नव्हता आणि नंतरही क्वचितच केला. एक गोष्ट सांगतो. ‘संग्राम’मध्ये लहानपणीचा नायक आणि ‘आवारा’त लहानपणीचा राज ही दोन्ही कामं एकाच मुलाने केली आहेत, शशी कपूरने. पहिल्या चित्रपटात बाप पोलीस अधिकारी आहे आणि त्याच्या आंधळ्या लाडाने पोरगा वाया जातो. दुसऱ्यात बाप न्यायाधीश आहे. त्याने गरोदर बायकोला घराबाहेर काढलेलं असतं आणि पोरगा रस्त्यावर वाढतो. एक जण लाडाने बिघडला, दुसरा टाकून दिल्याने. चेहरा एकच, अंतर एका वर्षाचं आणि उत्तरं अगदी उलट. हे चित्रपट यवतमाळात शिक्षकांना, पोलिसांना, वकिलांना, पालकांना एकत्र बसवून दाखवावेत आणि नंतर त्यांच्यात चर्चा घडवावी, असं मला मनापासून वाटतं.

संशयी : सर, तुमची तळमळ कळते. पण मी बाल न्याय मंडळावर बसते आणि माझ्यासमोर उभं राहणारं पोट्टं मला या चित्रपटांत सापडत नाही. पडद्यावरचा मुलगा चोरी करतो तेव्हा घरात आई आजारी असते, पीठ संपलेलं असतं. त्याची कीव करायला प्रेक्षकाला काहीच कष्ट पडत नाहीत. आमच्याकडे येणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दुचाकी उचलतो ती विकण्यासाठीसुद्धा नाही. दोन दिवस फिरवतो, पेट्रोल संपलं की नाल्याकाठी टाकून देतो. दुसरा एखादा कमरेला चाकू लावून फोटो काढतो आणि मोबाईलवर स्टेटस ठेवतो, कारण गल्लीतल्या मोठ्या भाऊच्या नजरेत त्याला भरायचं असतं. त्याच्या घरी दोन वेळचं जेवण असतं. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, बाप दारूत किंवा कर्जात असतो, पण पोरगा उपाशी नसतो. त्याने चोरी का केली, हे त्यालाही सांगता येत नाही. तुमच्या चित्रपटांनी लोकांना निष्पाप चोरावर दया करायला शिकवलं. पण समोरचा मुलगा तसा निष्पाप निघाला नाही, तर हीच माणसं दुप्पट चिडतात. फसवल्यासारखं वाटतं त्यांना. ‘हा काही भुकेला नव्हता, मग कशाला सोडता?’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं आहे. दया मिळवण्यासाठी आधी उपाशी असावं लागतं, ही अट या चित्रपटांनीच घातली, असा माझा आक्षेप आहे.

रसिक : हा आक्षेप ‘आवारा’ला लागू होतो, कारण तिथे आजारी आईसाठी रोटी चोरली जाते. ‘संग्राम’ला तो लागू होत नाही, म्हणूनच तर मी ‘संग्राम’चं नाव आधी घेतलं. ज्ञान मुखर्जींच्या त्या चित्रपटातला मुलगा कशालाच मुकलेला नाही. बाप वर्दीतला, घर भरलेलं. बापाला पोराची पहिली चूक दिसते आणि तो ती झाकतो; दुसरी दिसते, तीही झाकतो. अखेर झाकणं अशक्य होतं तेव्हा तोच बाप त्याच्यावर गोळी चालवतो. तुमच्या त्या दुचाकीवाल्या पोराच्या बापाने हे पाहायला नको का? आणि भुकेची चोरी दाखवणाऱ्या चित्रपटांतही बारकाईने पाहण्यासारखं असतं. ‘दो बिघा जमीन’मधला कन्हैया आठवा. बाप कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो आणि अपघातात जखमी होतो. बूट पॉलिश करून पोट भरत नाही, तेव्हा पोरगा पाकीटमारांच्या नादाने चोरी करतो आणि पैसे बापाला आणून देतो. चोरीचे पैसे आहेत हे कळताच बाप त्याला मारतो. पुढे आईचा अपघात होतो, तेव्हा हातात चोरीच्या नोटा घेतलेलं ते पोर स्वतःशीच हिशोब मांडतं, की मी चोरी केली म्हणून आईला हे झालं. आणि ते त्या नोटा फाडून टाकतं. विमल रॉयने तिथे भाषण ठेवलेलं नाही. घरात जे काही वाईट घडतं त्याचं कारण आपणच आहोत असं मुलं धरून चालतात, हे त्या एका कृतीत दिसतं. मी शिक्षक आहे. आपल्या जिल्ह्यात ज्या घरातल्या बापाने कर्जापायी जीव दिला, त्या घरातली मुलं मी वर्गात पाहिली आहेत. ‘माझ्या फीपायी झालं’ असं मनात धरून बसलेला मुलगा पुढे कशाचीच फिकीर करेनासा होतो, अभ्यासाची नाही, शिक्षेचीही नाही. त्याच्या वागण्याला आपण उद्धटपणा म्हणतो. कन्हैया पाहिलेला मास्तर निदान एकदा थांबून विचार करील.

संशयी : कन्हैयाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, मला मान्य आहे. तो प्रसंग मीही विसरू शकत नाही. पण त्यातच माझी दुसरी शंका आहे. त्या पोराला कोणी समजून घेतलं म्हणून त्याने नोटा फाडल्या नाहीत. तो घाबरला म्हणून फाडल्या. देवाने शिक्षा केली असं त्याला वाटलं. चित्रपट त्या भीतीलाच सद्गुण म्हणून दाखवतो. बरं, तेही बाजूला ठेवू. आता ‘आवारा’च्या मुळाशी जाऊ, कारण तुमचा सगळा भार त्याच्यावर आहे. न्यायाधीश रघुनाथचं मत असतं, की सज्जनाचा मुलगा सज्जन आणि चोराचा मुलगा चोर. चित्रपट म्हणतो, हे खोटं आहे, बघा. आणि ते सिद्ध कोणाच्या जिवावर करतो? न्यायाधीशाच्या स्वतःच्या मुलाच्या. म्हणजे सज्जनाचा मुलगा चोर होऊ शकतो, एवढं अर्धंच वाक्य सिद्ध झालं. चोराचा मुलगा सज्जन होऊ शकतो, या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय? त्यासाठी चित्रपटात एक माणूस हजर आहे, जग्गा. बाप डाकू होता म्हणून याच न्यायाधीशाने पुराव्याशिवाय त्याला दोषी ठरवलं आणि तुरुंगातून पळून तो खरोखरच डाकू झाला. ‘आवारा’तला खरा प्रश्न जग्गाचा आहे. पण तो खलनायक राहतो, राजच्या हातून मरतो आणि त्याच्या बाजूने कोर्टात कोणीच उभं राहत नाही. नर्गिस वकील होऊन येते ती राजसाठी. प्रेक्षक हळहळतो तोही राजसाठी, कारण त्याच्या अंगात न्यायाधीशाचं रक्त आहे हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतं. ज्ञान मुखर्जींच्याच ‘किस्मत’मध्ये, १९४३ साली, हेच झालं होतं. पाकीटमार नायक शेवटी श्रीमंताचा हरवलेला मुलगा निघतो. आपला सिनेमा चोराला माफ करतो, पण त्याची कुळी तपासून.

आणि हे मी यवतमाळात बसून म्हणते आहे, सर. ‘आवारा’ आला १९५१च्या डिसेंबरात. तेव्हा देशात गुन्हेगार जमाती कायदा लागू होता, १८७१पासून चालत आलेला. त्यात माणूस काही करण्याआधीच, जन्माने, गुन्हेगार ठरायचा. हजेरी, परवाना, वसाहतीतली कोंडी आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची सरकारला मुभा. न्यायाधीश रघुनाथचं मत हे एका हट्टी माणसाचं मत नव्हतं, तो देशाचा कायदा होता. चित्रपट लागल्यावर साडेआठ महिन्यांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला, तो रद्द झाला. आजही आपल्याकडे फासेपारध्यांच्या बेड्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, पोर बसस्टँडवर नुसतं उभं राहिलं, तरी लोक खिसे चाचपतात. परिसरात चोरी झाली, की आधी बेडा आठवतो. जग्गाची मुलं इथे आहेत. त्यांच्यासाठी तुमच्या त्या सुवर्णकाळात कोणता चित्रपट निघाला?

रसिक : ताई, जग्गाबद्दलचं तुमचं वाचन मला पटतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. जग्गाची तक्रार तुम्हाला कळली ती कुठून? त्याच चित्रपटातून. अब्बास आणि वसंत साठे यांनी ती पटकथेत ठेवली. पुढे चित्रपट राजच्या मागे गेला, हे खरं. पण न्यायाधीशाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेणं, तेही गुन्हेगार जमाती कायदा जिवंत असताना, ही लहान गोष्ट नव्हती. लाखो लोकांनी ते पैसे देऊन पाहिलं. शेवटी राजला तीन वर्षांची शिक्षा होते, तो निर्दोष सुटत नाही, हेही ध्यानात घ्या. केलेल्याची जबाबदारी त्याची, आणि घडवलेल्याची जबाबदारी बापाची. दोन्ही एकदम म्हणण्याचं धाडस त्या शेवटात आहे. १९४९ साली अमेरिकेत निकोलस रे या दिग्दर्शकाने ‘नॉक ऑन एनी डोअर’ केला. हम्फ्रे बोगार्ट त्यात वकील होतो आणि झोपडवस्तीत वाढलेल्या पोराचा बचाव करतो. दोषी समाज आहे, असं तो कोर्टाला सांगतो, पण पोरगा फाशीच्या शिक्षेपासून वाचत नाही. आपल्या चित्रपटाने तीन वर्षांनंतरचं दार उघडं ठेवलं. ती नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची भूमिका होती, की माणूस बदलतो आणि बदलण्यासाठी त्याला जागा द्यायची असते.

कायदा रद्द झाल्याने यादी गेली, नजर गेली नाही, हे तुमचंच म्हणणं आहे. नजर बदलायची तर ती गोष्टीनेच बदलते. आपल्याच जिल्ह्यातलं पाहा. बंजारा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीत आहे. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या राज्याचे मुख्यमंत्री होते. ही गोष्ट घरोघरी सांगितली गेली म्हणून तांड्याकडे पाहण्याची नजर थोडी तरी बदलली. बेड्यासाठी अशी गोष्ट अजून मोठ्याने सांगितली गेलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

संशयी : गोष्टीने नजर बदलते, हे मी नाकारत नाही. पण कोणत्या गोष्टीने? त्याच काळात मेक्सिकोत लुई ब्युन्युएलने ‘लोस ओल्विदादोस’ केला, १९५० साली. मेक्सिको सिटीतली रस्त्यावरची मुलं. त्यातल्या पेद्रोला सुधारगृहात पाठवतात. तिथला अधिकारी भला आहे. मुलावर विश्वास टाकायचा म्हणून तो पेद्रोच्या हातात पन्नास पेसो देतो आणि बाहेर दुकानातून सिगारेट आणायला पाठवतो. पोरगा खूश होतो, खरोखर परत येणार असतो. पण फाटकाबाहेर त्याच्या टोळीतला मोठा मुलगा, हाइबो, उभा असतो. तो पैसे हिसकावून पळतो आणि पेद्रो जगाच्या नजरेत पुन्हा चोर ठरतो. शेवटी त्याचं प्रेत कचऱ्याच्या ढिगावर फेकलं जातं. आपल्या देशाची बदनामी झाली म्हणून मेक्सिकोत लोक इतके चिडले, की काही दिवसांतच चित्रपट उतरवावा लागला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात त्याच दिग्दर्शकाला पारितोषिक मिळालं.

आता हा प्रसंग मी दर महिन्याला पाहते. निरीक्षणगृहात पोरगा सुधारतो. खरंच सुधारतो, वेळेवर उठतो, लिहितो, खेळतो, रडून आईला भेटतो. अधिकारीही वाईट नसतात. मग तो सुटतो आणि गल्लीच्या तोंडाशी दुचाकी लावून तोच मोठा भाऊ उभा असतो. हा बाहेरचा माणूस तुमच्या ‘बूट पॉलिश’मध्ये कुठे आहे? तिथे भोला आणि बेलू भीक सोडून पॉलिशचा डबा घेतात, पावसाळा येतो, कोणी बूट पुसून घेत नाही, उपासमार होते. इथपर्यंत चित्रपट अत्यंत खरा आहे. मग एक सधन कुटुंब बेलूला दत्तक घेतं आणि शेवटी भोलाही तिच्याजवळ पोहोचतो. दोन्ही मुलं शाळेत. यवतमाळात मी कोणत्या सधन कुटुंबाची वाट पाहू? आणि ज्या पोराने तो शेवट पाहिला, त्याला मी काय सांगू, की तुझं कुटुंब अजून गाडीतून उतरलेलं नाही?

रसिक : ‘बूट पॉलिश’चा शेवट मीही सोडून देतो. पण त्यातला जॉन चाचा सोडू नका. डेव्हिडने तो केला आहे. आपलाच, बेने इस्रायली माणूस, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हा चाचा कोण? चोरटी दारू विकणारा. स्वतः कायद्याच्या बाहेरचा आणि त्यासाठी तुरुंगात जाणारा. पण मुलांना तोच सांगतो, की भीक मागू नका, हातांनी काम करा. मुलांची काकी त्यांना भीक मागायला लावते आणि दारूवाला त्यांना सांभाळतो. सुधारणा बाहेरून, कोट घातलेल्या माणसाकडून येते असं चित्रपट म्हणतच नाही. ती गल्लीतूनच येते. तुमच्या फाटकाबाहेरच्या मोठ्या भाऊसमोर उभा राहू शकेल असा माणूस गल्लीतलाच असावा लागतो. हे १९५४ साली सांगितलं गेलं आणि आपण फक्त शेवट लक्षात ठेवला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी काय केलं? ते स्वतः फासेपारधी. रेल्वे स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणारी आपल्या समाजाची मुलं गोळा केली आणि ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. जॉन चाचा असा प्रत्यक्षात आला.

संशयी : आणि पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्याच शाळेची काही बांधकामं पाडली गेली, हेही सांगा. गल्लीतला माणूस उभा राहतो, पण त्याच्या पायाखालची जमीन त्याची नसते. ही गोष्ट कोणत्याही जुन्या चित्रपटात नाही.

मला खरी गोष्ट सापडली ती पुस्तकात. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, १९८७चं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे चोरी हा चुकीच्या संगतीचा परिणाम नाही. ज्यांना दुसरं काही करूच दिलं नाही, त्यांचं ते पोट भरण्याचं साधन आहे आणि घरात ते शिकवलं जातं. ते वाचताना कोणाच्या रक्तात न्यायाधीश शोधायची सोय नाही. त्याच्या शेजारी साने गुरुजींचा श्याम ठेवा. श्यामही लहानपणी पैसे चोरतो, पुस्तकांच्या ओढीने. पकडलं कोणी? आईने. कबुली कुठे झाली? घरात. श्यामचा पंचनामा झाला नाही, त्याचा फोटो कोणी काढला नाही. आपण सगळे श्याम वाचून रडतो आणि बेड्यावरच्या मुलाने तेवढेच पैसे उचलले, तर पोलिसांना फोन करतो. दोन मुलांच्या चोरीत फरक नाही. फरक आहे तो चोरीनंतर कोण आलं यात, आई आली की गाडी. या फरकावर आपल्या सिनेमाने त्या काळात चित्रपट काढला असता, तर मी स्वतः तिकिटं विकली असती.

रसिक : हे तुम्ही आज बोललात ते नेमकं आहे, आणि त्या चित्रपटांची मर्यादा हीच आहे. पण म्हणून त्यांनी दिलेली आशा खोटी ठरत नाही. तिला प्रत्यक्ष आधार होता. ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७चा. शांतारामबापूंनी केला, कथा गदिमांची. त्यात मुलं नाहीत, सहा खुनी कैदी आहेत. पण ती कल्पना हवेतली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९पासून उघड्या तुरुंगाचा प्रयोग चालला होता. खुनी माणूस कुलपाशिवाय राहू शकतो, हे आधी माळरानावर करून पाहिलं गेलं, मग पडद्यावर आलं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात नव्याने सुरुवात करू देण्याचं जे तत्त्व लिहिलं आहे, ते याच विश्वासाचं आहे. आणि त्याच कायद्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला, किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर मोठ्यांसारखं कोर्टात उभं करण्याची वाट ठेवली गेली. ती लोकांच्या संतापातून आली. मला भीती वाटते ती हीच. संतापाच्या गोष्टी आज मोबाईलवर रोज मिळतात. बदलाच्या गोष्टी कपाटात पडून आहेत. लोकांना ब्युन्युएल दाखवून तुम्ही सत्य सांगाल, पण तो पाहून उठलेला माणूस म्हणेल, ‘बघा, काही उपयोग नाही, कोंडून ठेवा.’

संशयी : तुम्ही चित्रपटांना फार श्रेय देता. मुलांसाठी वेगळा कायदा मद्रासला १९२०त झाला, मुंबईला १९२४त, मध्य प्रांतात १९२८त. बोलपट येण्याआधी. १९८०च्या दशकात शीला बर्से यांनी तुरुंगात मोठ्यांबरोबर कोंडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोणी ‘बूट पॉलिश’चा दाखला दिला नव्हता. काम झालं ते कागद गोळा करून. तरीही तुमचा शेवटचा मुद्दा मला लागला. ब्युन्युएल पाहून माणूस कोंडून ठेवा म्हणेल, हे शक्य आहे. मी तसे लोक रोज भेटते.

पण मग आणखी एक रिकामी जागा दाखवते. या सगळ्या चित्रपटांत मुली कुठे आहेत? बेलू आहे, पण ती आधी वाचवली जाते. मुलगी बळी असते किंवा ओलीस, तिने स्वतः काही चुकीचं केलं आहे असं कोणी दाखवत नाही. चोरी करणारी, घर सोडून गेलेली, कोणाच्या सांगण्यावरून पुडी पोहोचवणारी मुलगी समोर आली, की आमच्याकडेही गोंधळ उडतो. तिच्यासाठी ना गोष्ट तयार आहे, ना पुरेशी जागा. मुलाला लोक गुंड म्हणतात. मुलीला जे म्हणतात ते पुसायला पुढची वीस वर्षं पुरत नाहीत.

रसिक : याला माझ्याकडे उत्तर नाही. १९५०च्या दशकाकडेही नव्हतं. पण त्या चित्रपटांची वाट तिथेच थांबली नाही, एवढं म्हणू द्या. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ २०२२चा, आपल्या नागपूरचा. विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरून घेतलेला. पोरं आपलीच, बोली आपलीच. चोऱ्यामाऱ्या करणारा, डॉन म्हणवला जाणारा पोरगा कोणाचा हरवलेला मुलगा निघत नाही. आणि शेवटाकडे पुन्हा कोर्ट आहे, पुन्हा एका मुलासाठी कोणीतरी बोलायला उभं आहे. रिंकू राजगुरूने केलेल्या आदिवासी मुलीचा बाप तिच्या ओळखीचा एक कागद मिळवण्यासाठी दारोदार फिरतो. ‘आवारा’त सुटलेली जागा भरायला एकाहत्तर वर्षं लागली. पण मधल्या पिढ्यांनी ‘आवारा’चा खटला लक्षात ठेवला असता, तर कदाचित इतकी लागली नसती. म्हणून हे चित्रपट दाखवायचे. ते पूर्ण आहेत म्हणून नाही. त्यांनी प्रश्न जिथे सोडला तिथून तो आपल्याला उचलता यावा म्हणून.

संशयी : मग माझी अट ऐका. मुलांना आधी दाखवू नका. निरीक्षणगृहातल्या मुलाला ‘आवारा’ दाखवून तू कसा सुधारू शकतोस हे सांगणं म्हणजे समाजाचा अभ्यास त्याच्या गळ्यात मारणं. आधी दाखवा त्यांना, ज्यांच्या एका शेऱ्याने मुलाचं पुढचं ठरतं. मुख्याध्यापक, ठाण्यातला बाल पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार, आणि मंडळावरचे आम्ही सदस्यसुद्धा. ‘आवारा’ दाखवा आणि नंतर राजवर चर्चा करू नका, जग्गावर करा. त्याचा खटला त्या खोलीत चालवा. पुरावा काय होता? त्याच्या बाजूने कोण बोललं? आणि त्याच बैठकीत सामाजिक तपास अहवालाचा कोरा नमुना प्रत्येकाच्या हातात द्या. भरलेला अहवाल गोपनीय असतो, तो दाखवता येणार नाही. कोरा पुरे आहे. त्यात रकाने आहेत: शाळा का सुटली, मित्र बहुतेक कोणत्या वयाचे, घरात मारहाण होते का, मुलाचा कोणी वापर करून घेतला का. परिवीक्षा अधिकाऱ्याने घरी जाऊन, आईजवळ बसून हे भरायचं असतं. पुष्कळदा तो घाईत, टेबलावर बसून भरला जातो, कारण माणसं कमी आणि प्रकरणं जास्त. ‘संग्राम’, ‘आवारा’, ‘बूट पॉलिश’ या तिन्ही चित्रपटांत जे आहे, ते सगळं या चार रकान्यांत मावतं. ते नीट भरले गेले तर मला सिनेमा नको.

रसिक : आणि ते नीट भरावेत असं भरणाऱ्याला वाटावं, म्हणून मला सिनेमा हवा. इथे आपण दोघं वेगळेच राहणार, ताई. सुटल्यावर सांभाळणारं कोणी नसेल तर आशा ही फसवणूक आहे, असं तुम्ही म्हणता. आशा नसेल तर सांभाळायला कोणी पुढेच येणार नाही, असं मी म्हणतो. पण तुमची अट मला मान्य आहे. जग्गापासून सुरुवात करू.

संशयी : मग निमंत्रणात एक वाक्य माझंही घाला. कायद्याप्रमाणे, अत्यंत गंभीर गुन्हे वगळता, मुलाच्या प्रकरणाची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची असते, म्हणजे ती त्याला पुढे कुठे नडू नये. कागदावरची नोंद नष्ट करणं सरकारचं काम आहे. शाळेत, गल्लीत, बेड्याच्या नावासकट आपण डोक्यात ठेवलेली नोंद पुसणं हे ज्याचं त्याचं काम आहे, आणि ज्यांना ते करायचं नाही त्यांनी चित्रपट पाहायला येऊ नये.